पैलवानाची फासळी

"मी नागपूरला मेंढ्याची सोनोग्राफी करायला गेले होते," असं सांगलीत परतल्यावर ज्याला ज्याला सांगितलं, त्यानं मला अडवून दुरुस्त केलं. "मेंढ्याची नव्हे, मेंढीची." शेजारच्या काकूंनी तर माझा हात हातात घेऊन, दमलीयेस तू, जरा पड, असा सल्ला दिला. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. मेंढाच. नर. शिंगं असलेला. आणि मला एवढी मजा आयुष्यात कुठल्या प्रवासात आलेली नाही.

माझं काम थोडक्यात सांगते. जनावरांची सोनोग्राफी यंत्रं विकणाऱ्या एका लहानशा कंपनीत मी लोकांना यंत्र कसं वापरायचं ते शिकवते. एरवी गाय गाभण आहे का, म्हैस गाभण आहे का, एवढंच बघायचं असतं. पण तेच यंत्र मेंढ्याच्या पाठीवर, शेवटच्या फासळीपाशी टेकवलं की आतलं मांस किती जाड आणि वरचा चरबीचा थर किती जाड, ते पडद्यावर दिसतं. पूर्वी हे बघायचं तर मेंढा कापावा लागे. आणि कापून कळलं की हा फार उत्तम वाणाचा होता, तर त्याचा उपयोग काय? कापलेल्या मेंढ्याला पोरं होत नाहीत.

माझी वसतिगृहातली मैत्रीण शुभांगी नागपूरला जनावरांची डॉक्टर आहे. काटोलच्या बाजूच्या एका गावातल्या मेंढपाळांचा गट तिनं बांधला होता. गटातल्या मेंढ्यांमधून एक नर निवडायचा, तोच सगळ्यांच्या कळपात फिरवायचा, म्हणजे पुढची पिढी अंगानं भरलेली आणि कमी चरबीची निघेल, असा बेत. मोजायला तिनं मला बोलावलं. दिवाळी होऊन गेली होती, थंडी पडायला लागली होती, मी लगेच निघाले.

नागपूर

गाडीतल्या प्रवासाबद्दल काही लिहीत नाही. लांब होता आणि संपला. खरी गंमत फलाटावर उतरल्यावर सुरू झाली. शुभांगीला फोन केला.

"अवं, येऊन राहिली मी!" ती म्हणाली.

आता आमच्या सांगलीत 'येऊन राहिली' म्हणजे बाई आली आणि मुक्काम ठोकला. म्हणजे शुभांगी स्टेशनवर कधीची येऊन बसली आहे! मी पेटी ओढत सगळा फलाट पालथा घातला, चहाच्या टपऱ्या बघितल्या, बायकांच्या प्रतीक्षालयात डोकावून एका झोपलेल्या बाईंना शुभांगी समजून हलवलं. पुन्हा फोन केला तर पुन्हा तेच, "येऊन राहिली ना वं!" अखेर ती आली ती बाहेरच्या बाजूनं, घामाघूम, गाडीची किल्ली हातात.

"अगं, होतीस कुठं?"

"कुठं म्हणजे? येऊन राहिली होती. रस्त्यात होती!"

'येऊन राहिली' म्हणजे 'येतेय', हा नागपूरचा पहिला धडा मी स्टेशनवरच गिरवला. पुढे हाच धडा माझा जीव काढणार होता, ते मला तेव्हा माहीत नव्हतं.

त्या दुपारी शुभांगीनं मला सावजी जेवायला नेलं. आम्ही तांबड्या रश्श्यावर वाढलेली माणसं, तिखटाचं आम्हाला काय सांगता, असं मी वाढप्यासमोरच म्हणाले. म्हणायला नको होतं. पहिला घास गेला, दुसरा गेला, आणि तिसऱ्याला माझ्या कानातून काहीतरी बाहेर पडल्यासारखं वाटलं. आमच्याकडे रश्श्यावरच्या तेलाच्या तवंगाला कट म्हणतात, इथे तर्री. शब्द वेगळा, पण आमचा कट जिभेला चावतो आणि सोडतो, ही तर्री सोडतच नाही.

"रडून राहिली का वं?" शुभांगीनं अगदी मायेनं विचारलं.

"नाही," मी म्हणाले, आणि नाक पुसत आणखी रस्सा मागितला.

काटोलच्या अलीकडचं गाव

दुसऱ्या दिवशी सकाळी तर्रीपोहे खाऊन (हो, पोह्यांवरही तर्री) आम्ही काटोलच्या वाटेला लागलो. दोन्ही बाजूंना संत्र्यांच्या बागा, झाडं फळांनी वाकलेली. बाजाराकडे जाणाऱ्या गाड्यांमागून जाताना सगळ्या रस्त्याला वास येत होता. एका बागेपाशी पाणी मागायला थांबलो तर बागवाल्यानं पाण्याआधी ओंजळभर संत्री दिली आणि पाण्याचं विसरूनच गेला. आमच्याकडे उसाच्या फडात शिरलात तर ऊस मिळतो, पण त्याआधी कुणाचे कोण ते सांगावं लागतं. इथे काही नाही. खा आणि जा.

गावात वडाखाली सगळे मेंढे बांधून ठेवले होते. त्यांत एक असा होता की नजर दुसरीकडे जाईना. अंगानं प्रचंड, शिंगांना तेल लावलेलं, कपाळावर हळद, गळ्यात झेंडूची माळ. पोळ्याचा बैल चुकून नोव्हेंबरात आला असावा असं वाटलं. त्याच्या शेजारी तितक्याच थाटात त्याची मालकीण उभी होती. वंदनाताई. आई मेलेलं कोकरू तिनं बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं आणि नाव ठेवलं होतं पैलवान.

मी यंत्र उघडलं आणि बायकांचा घोळका जमला. सोनोग्राफी म्हटल्यावर गावाला एकच गोष्ट माहीत.

"बाई, हा तं नर हाये," वंदनाताई काळजीनं म्हणाली. "याच्या पोटात काय पाहून राहिल्या तुमी?"

"पोटात नाही, पाठीत बघायचंय."

"पैलवान गाभण हाये वाटते वं!" मागून एक म्हातारी ओरडली. "डॉक्टरीणबाई, पोरगा होईल का पोरगी?"

इतकी वर्षं दवाखान्यांत वावरल्यामुळे माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "गर्भलिंगनिदान कायद्यानं गुन्हा आहे."

झालं! बायका एकमेकींच्या अंगावर कोसळल्या. म्हातारी जमिनीवर बसली ती उठेचना. शुभांगी वडाला टेकून डोळे पुसत होती. पैलवान मात्र शांतपणे माझ्या ओढणीचं टोक चघळत होता.

हसणं आवरल्यावर मोजणी सुरू झाली. लोकर बाजूला सारायची, तेल लावायचं, यंत्राची मूठ टेकवायची, चित्र धरायचं. लोकर दाट असली की हवा मध्ये येते आणि चित्र फिसकटतं. पैलवानाची लोकर म्हणजे गादीच होती. "पुढच्या खेपेला कापून ठेवा हं," मी वंदनाताईचे यजमान गजाननभाऊंना सांगितलं. ते म्हणाले, "हो जी." हे वाक्य लक्षात ठेवा.

मेहनतीनं एकदाचं चित्र आलं. वर पांढरा, जाडजूड पट्टा. खाली मांस, पण पट्ट्यापुढे त्याचं काही चालेना. शेजारच्या कळपातला काडी नावाचा सडपातळ मेंढा त्याच्यापेक्षा कितीतरी सरस निघाला.

"याला खायला काय घालता?" मी विचारलं.

वंदनाताईचा चेहरा फुलला. "दिवाळीपासून सरकीची ढेप चालू हाये. वरून गूळ. बागेतले गळालेले संत्रे. परीक्षा हाये ना त्याची! आपलं पोरगं परीक्षेले बसते तं आपण बदाम देत नाई का?"

सरकीची ढेप म्हणजे आमच्याकडची पेंड, अंगावर चरबी चढवणारी. गटाला कमी चरबीचा नर हवा होता, हे शुभांगीनं सांगितलं होतं. पण परीक्षा म्हटल्यावर लेकराला उपाशी कोण पाठवतं? बाईनं आपल्या हातानं, मायेनं भरवून भरवून त्याला नापास केलं होतं. मी पडदा तिच्याकडे वळवला आणि शक्य तितक्या हळू सांगितलं, "ताई, हा पांढरा पट्टा चरबीचा आहे."

"तुमच्या मशीनले चष्मा लावा," ती म्हणाली आणि पाठ फिरवून निघून गेली.

मग गजाननभाऊंनी खाली बघत सांगितलं. एका घरात खाणारे दोन नर परवडत नाहीत, घरी दुसरा तरुण मेंढा तयार होतोय. निवड झाली नाही तर पैलवान काटोलच्या खाटकाला द्यायचा, असं त्यांचं बोलणं झालं होतं. बाजाराच्या दिवशी खाटीक येणार होता. बाजार परवाच होता.

वंदनाताईनं आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. झुणका, ज्वारीची भाकर, कांदा. माझ्या ताटात ठेचा मात्र सगळ्यांच्या दुप्पट पडला. मी मुकाट्यानं खाल्ला. हात दाखवून अवलक्षण तिनं करून घेतलं की मी, हे मला कळेना, पण वाईट फार वाटत होतं.

निघताना ती गाडीच्या खिडकीशी आली. माझ्याकडे न बघता शुभांगीला म्हणाली, "डॉक्टरीणबाई, नागपूरले मोठी मशीन हाये म्हणता ना? त्याच्यात पाहा एकडाव. मंग मी काई बोलणार नाई."

शुभांगीनं माझ्याकडे बघितलं. मी इतक्या जोरात मान हलवली की गळ्यातली माळ तुटली.

हिंगणा

मोठी मशीन म्हणजे सीटी स्कॅन. हिंगण्याच्या बाजूला जनावरांच्या एका दवाखान्यात ते यंत्र होतं, एरवी कुत्र्यांसाठी वापरत. दुसऱ्या दिवशी गजाननभाऊ छोट्या टेम्पोत काडीला आणि पैलवानाला घेऊन आले आणि आम्ही वाट दाखवायला पुढे निघालो. नेमकी कारखान्यांची पाळी सुटायची वेळ. कंपनीच्या बसगाड्या, मोटारसायकलींचे थवे, आणि मधोमध टेम्पोत उभा पैलवान, गळ्यात अजून तीच सुकलेली माळ.

"भाऊ, कुठं नेऊन राहिले याले?" एका मोटारसायकलवाल्यानं गजाननभाऊंना विचारलं.

"सीटी स्कॅनले."

"काहून? डोक्यात फरक पडला का?"

"याच्या नाई," गजाननभाऊ म्हणाले, "आमच्या."

ते वाक्य मोटारसायकलींवरून पुढे पुढे गेलं. आमच्या गाडीपर्यंत हशा येऊन पोचला तेव्हा कळलं. चौकातल्या हवालदारानं तर मेंढ्यांना वाट करून दिली.

दवाखान्यात नवाच गोंधळ. संगणकावर रुग्णाचं पूर्ण नाव लिहिल्याशिवाय पुढे जाता येईना. यंत्र चालवणाऱ्यानं लिहिलं, पैलवान. संगणकानं वडिलांचं नाव मागितलं. त्यानं मालकाचं नाव टाकलं. पडद्यावर उमटलं, 'पैलवान गजानन'. गजाननभाऊ लाजून बाहेर जाऊन बसले.

शुभांगीनं गुंगीचं इंजेक्शन दिलं. पैलवान पाळण्यासारख्या खोलगट पाटावर पालथा झोपला आणि घोरायला लागला. पाट हळूहळू यंत्राच्या कड्यातून सरकला. सोनोग्राफी पाठीतल्या एका जागेचं चित्र देते. सीटी मेंढ्याचे नाकापासून शेपटीपर्यंत आडवे काप दाखवतं, आणि मेंढा मात्र अख्खाच राहतो. संत्रं न सोलता, न कापता आतल्या फोडी मोजाव्यात तसं. मांस करडं, चरबी काळसर, हाडं पांढरी. मी असं चित्र मेंढ्याचं पहिल्यांदाच बघत होते. लहान मुलासारखी टाळी वाजवली, आणि पैलवान गुंगीतच एकदा शिंकला.

चित्रं तपासायला वेळ लागणार होता. शुद्धीवर आल्यावर दोन्ही मेंढे घरी गेले. आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी संगणकापुढे बसलो. चरबी? भरपूर. माझं यंत्र चुकलं नव्हतं, ढेप आणि गूळ सगळा पाठीवर जमा होता. मग परवा गावात मी नेमकं कुठल्या फासळीपाशी मोजलं ते पडताळायला मी फासळ्या मोजायला लागले. मेंढ्याला फासळ्यांच्या तेरा जोड्या असतात. तेरा मोजल्या. आणखी एक उरली.

पुन्हा मोजल्या. शुभांगीनं मोजल्या. यंत्र चालवणाऱ्यानं पडद्यावर बोट टेकवून मोठ्यानं मोजल्या. चौदा! काडीच्या तेरा, पैलवानाच्या चौदा. मणकाही एक जास्त. म्हणजे पाठ लांब, आणि पाठीच्या कडेचं सगळ्यात चांगलं मांस तेवढं जास्त लांब. चरबीच्या गादीखाली ते लपून बसलं होतं, आणि सीटीनं मोजलेलं एकूण मांस काडीच्या मांसापेक्षा जास्त भरलं.

"आणि हे पोरांमध्ये येऊ शकते," शुभांगी उभी राहिली. "चरबी काय, ढेप बंद केली की उतरते. फासळी थोडीच उतरते!"

आम्ही दोघींनी तिथेच, कुत्र्यांच्या दवाखान्यात, फुगडी घातली. एक आजारी पामेरियन भुंकत सुटलं. मग मला एकदम आठवलं, आज बाजाराचा दिवस. मी गजाननभाऊंना फोन लावला. आवाज तुटत होता.

"भाऊ, पैलवान कुठाय?"

"पैलवान… कापून राहिले जी… मंग करतो…" आणि फोन बंद.

पुन्हा गाव

सांगलीहून निघाले तेव्हाची अडाणी असते तर बरं झालं असतं! 'कापून राहिले' म्हणजे कापायचं राहिलंय, असं समजून मी निवांत चहा प्यायले असते. पण आता मी शिकलेली होते. कापून राहिले म्हणजे आत्ता, या घटकेला, कापतायत.

शुभांगी तर इथलीच, तिला धड्याची गरज नव्हती. तिनं गाडी अशी काढली की मी आजपर्यंत ऐकलेले सगळे देव आठवले. नागपूर मागे पडलं. काटोलच्या रस्त्यावर एक संत्र्याचा ट्रक आडवा होऊन वळत होता, वळतच होता. शुभांगी खिडकीतून बाहेर आली. "ओ भाऊ! तिकडं जीव जाऊन राहिला एकाचा!"

"कोनाचा?" ड्रायव्हर घाबरून म्हणाला.

"पैलवानाचा!"

त्यानं ट्रक सरळ कडेच्या गवतात घातला आणि आम्हाला हात जोडले. मी मात्र रडत होते. सावजीचं रडणं वेगळं आणि हे वेगळं. एका बाईनं बाटलीनं वाढवलेलं जनावर, तिनं मायेनं भरवलं म्हणून माझ्या यंत्रानं नापास केलं, आणि पास झाल्याची बातमी घेऊन आम्ही येतोय तर उशीर. फोन लावत होते, लागत नव्हता.

गावात शिरलो. घराच्या अंगणात गर्दी. मधे कुणीतरी वाकलेलं, हातात लखलखतं पोलाद. मी गाडी थांबायच्या आत दार उघडून ओरडत धावले, "थांबा! कापू नका! चौदा आहेत! चौदा!"

गर्दी बाजूला झाली. वंदनाताई मांडी घालून बसली होती, हातात लोकर कातरायची मोठी कात्री. तिच्यापुढे पैलवान. अर्धा पैलवान, म्हणजे उजवी बाजू कातरलेली, डावी तशीच. एका बाजूनं मेंढा, दुसऱ्या बाजूनं गादी. त्यानं माझ्याकडे बघून बें केलं.

"काहून ओरडून राहिल्या बाई?" वंदनाताई म्हणाली. "तुमीच तं सांगतलं, पुढच्या खेपेले कापून ठेवा. म्हटलं, खाटीक यायच्या आधी पुन्हा एकडाव मोजून पाहान तुमी. केसंच तं कापून राहिली मी."

'केस' हा शब्द काटोल आणि नागपूरच्या मधे कुठेतरी संत्र्याच्या बागेत पडून गेला होता. मी मटकन खाली बसले आणि पैलवानाच्या उघड्या कुशीला मिठी मारली. मग त्याच कुशीवर तिचा हात घेऊन आम्ही मागून पुढे फासळ्या मोजल्या, पुढच्या खांद्याखाली जाऊन दिसेनाशा होईपर्यंत, आणि राहिलेल्या शुभांगीनं फोनवरच्या चित्रात दाखवल्या. वंदनाताईनं दोनदा मोजून घेतलं. ती हसली नाही. कात्री खाली ठेवली आणि पदर डोळ्यांना लावला.

"मले वाटलं मीच मारलं त्याले," ती म्हणाली. "ढेप चारून."

खाटीक आला तेव्हा गजाननभाऊंनी त्याला चहा पाजून परत पाठवलं. त्यानंही चित्र बघितलं, फासळ्या मोजल्या आणि जाता जाता पैलवानाच्या पाठीवर थाप मारली. गटानं दोन नर ठेवायचे ठरवलं, काडी आणि पैलवान. पैलवानाची ढेप बंद. दुसऱ्या बाजूची लोकर मी कातरली, आणि ती इतकी वेडीवाकडी झाली की म्हातारी पुन्हा जमिनीवर बसली. जेवायला वांग्याची भाजी होती आणि या खेपेला ठेचा सगळ्यांना सारखा मिळाला.

सांगली

परवा दुपारी फोन वाजला. वंदनाताई. पैलवान बारीक झालाय, पळतो फार, आणि कळपातल्या दोन मेंढ्या त्याच्यापासून गाभण आहेत.

"मंग येऊन राहिल्या का तुमी मशीन घेऊन?"

"येऊन राहिले ताई," मी म्हणाले. आता मला बरोबर येतं.

"येजा लवकर. नर का मादी थे नका सांगू, कायदा हाये, मले माहीत हाये," तिनं आवाज बारीक केला. "फासळ्या तेवढ्या मोजून सांगजा."